उशाशी बसलेली माणसे

शासकीय नियमांमध्ये ‘कुटुंब’ या शब्दाची व्याख्या दिलेली असते. केंद्र शासनाच्या कर्मचाऱ्यांसाठी १९४४ साली वैद्यकीय परिचर्येचे जे नियम झाले, त्यांतही ती आहे. पती अथवा पत्नी, अवलंबून असलेली मुले, अवलंबून असलेले आईवडील अशी ती यादी. आणि तीतील कोणी आजारी पडल्यास उपचारांच्या खर्चाचे काय करावे, हे पुढे सांगितलेले. गेली वीस वर्षे अशा देयकांवर सही करणे हा माझ्या कामाचा एक भाग आहे. या वीस वर्षांत एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती, ती अशी की, नियमांच्या दृष्टीने कुटुंब म्हणजे आजारी पडू शकणारी माणसे. त्यांतील एकजण आजारी पडल्यावर उरलेल्यांचे काय होते, या प्रश्नाला तेथे जागा नाही. मी नियमांना दोष देत नाही. नियम खर्चाविषयी असतात, आणि जागून काढलेल्या रात्रींचे देयक कोणी सादर करीत नाही. परंतु माझ्या थोरल्या बंधूंच्या आजाराने हा प्रश्न माझ्या पुढ्यात आणून ठेवला, आणि त्याविषयीच आज आपल्याशी चार शब्द बोलावयाचे आहेत.

दादा सातारा जिल्ह्यातील एका गावी हायस्कुलाचे मुख्याध्यापक होते. वर्गात कधी आवाज चढवावा न लागणारे शिक्षक म्हणून त्यांचा लौकिक होता, आणि घरीही ते तसेच होते. एका संध्याकाळी आमटीत मीठ कमी पडले म्हणून त्यांनी ताट दूर लोटले आणि वहिनींना उद्देशून असे काही शब्द काढले, की जे आमच्या घरात पूर्वी कोणी उच्चारले नव्हते. दुसऱ्या दिवशी त्यांना त्याचे काही वाटलेले दिसले नाही. वहिनींना त्या शब्दांपेक्षा हे न वाटणे अधिक लागले. पुढे अशा गोष्टी वाढू लागल्या. एकच जिन्नस वाण्याकडून तीनदा येई. शाळेचे महत्त्वाचे कागद सहीवाचून पडून राहत. आल्यागेल्याशी ते भलतेच मोकळे बोलत, आणि कधी दोन दोन तास भिंतीकडे पाहत स्वस्थ बसून राहत.

घरातील प्रत्येकाने याचा आपापल्या परीने अर्थ लावला. आप्तांपैकी कोणी म्हणाले, निवृत्ती जवळ आली की माणसे अशीच होतात. कोणी पत्रिका मागवली. वहिनींनी ठरवून टाकले की, आपलेच काही चुकत आहे. माझा पुतण्या त्या वेळी सातवीत होता. गणितात आपल्याला गुण कमी पडले, तेव्हापासून बाबा रागावले आहेत, अशी त्याची खात्री झाली होती. ती त्याने कोणास सांगितली मात्र नाही. मी मुंबईहून फोनवर वहिनींना धीराने घेण्याचा सल्ला देत होतो. असे चार महिने गेले. मग एका पहाटे दादांना फेफऱ्यासारखा झटका आला. तपासणीत मेंदूच्या पुढील भागात लिंबाएवढी गाठ दिसली, आणि शस्त्रक्रियेनंतर तिचे नाव कळले: ग्लायोब्लास्टोमा.

मेंदूतील प्रत्येक गाठ या जातीची नसते. कित्येक गाठी निरुपद्रवी असतात आणि शस्त्रक्रियेने बऱ्याही होतात. परंतु ही जात कठीण आहे. युरोप व कॅनडा येथील रुग्णालयांत झालेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. केवळ किरणोपचार घेतलेल्या रुग्णांचे मध्यमान आयुष्य १२.१ महिने होते. टेमोझोलोमाइड या औषधाची जोड दिली, तेव्हा ते १४.६ महिने झाले. आजही प्रमुख उपचार याच पद्धतीने होतात. मध्यमान याचा अर्थ असा की, निम्मे रुग्ण त्याहून अधिक जगतात. तेव्हा तो आकडा म्हणजे कोणा एकाच्या कपाळी लिहिलेली मुदत नव्हे. तरीपण घरच्या माणसांना वर्षे मोजण्याऐवजी महिने मोजण्याची सवय करावी लागते, हे खरे.

या आजाराची दुसरी एक पीडा आहे, आणि ती सर्वस्वी घरच्यांच्या वाट्याला येते. अन्य अवयवांच्या कर्करोगात माणूस वेदनेने तळमळत असला, तरी तो आपल्या ओळखीचा माणूस असतो. आपण त्याचा हात धरतो आणि तो आपला हात ओळखतो. मेंदूतील अर्बुद ज्या जागी वाढते, ती जागाच मुळी बोलण्याची, आठवण्याची, स्वतःला आवरण्याची असते. कपाळामागील ललाटखंडात संयम, औचित्य आणि पुढाकार यांची सूत्रे आहेत. तेथे बिघाड झाला की भिडस्त माणूस उद्धट होतो आणि उत्साही माणूस निर्विकार होतो. आपण बदललो आहोत, हे पुष्कळदा त्याच्या स्वतःच्या लक्षातही येत नाही. बहुतेकांच्या बाबतीत डाव्या बाजूला भाषेची केंद्रे असतात. तेथील आघाताने ओठांवर आलेला शब्द सापडत नाही. यात भर पडते ती औषधांची. मेंदूवरील सूज उतरविण्यासाठी डेक्सामेथासोन द्यावे लागते. ते औषध गुणकारी खरे. पण ते झोप उडविते, भूक भडकविते आणि मन चिडचिडे करते. झटके थांबविण्याची काही औषधेही हाच दोष अंगी बाळगून असतात. रात्री दोन वाजता दादा स्वयंपाकघरात उभे राहून पोळी मागत आणि ती नाही म्हणताच भांडी आपटत. त्यात आजार किती, औषध किती आणि आपल्याला काय झाले आहे या जाणिवेची भीती किती, हे वेगळे करून दाखविणे कोणाही वैद्याला शक्य नव्हते.

हा अर्थ लावण्यातला घोटाळा केवळ आमच्याच घरी झाला, असे मात्र नाही. जॉर्ज गर्श्विन हे अमेरिकेतील विख्यात संगीतकार. १९३७ साली ते कॅलिफोर्नियात आपले थोरले बंधू आयरा आणि भावजय लिओनोर यांच्यासमवेत राहत होते. आयरा गीते लिहीत आणि जॉर्ज त्यांना चाली देत. त्या वर्षी जॉर्ज यांना डोकेदुखीने ग्रासले. रबर जळल्याची दुर्गंधी त्यांना अकस्मात येई, जी दुसऱ्या कोणाला येत नसे. हातांवरचा ताबा सुटू लागला. जेवताना अन्न सांडू लागले, तेव्हा लिओनोर यांनी त्यांना टेबलावरून उठून जाण्यास सांगितले. उठून जाणाऱ्या धाकट्या भावाचा तो चेहरा आयरा यांना पुढे कधी विसरता आला नाही, असे चरित्रकार सांगतात. जून महिन्यात रुग्णालयात तपासण्या झाल्या. पण सगळ्या तपासण्या काही झाल्या नाहीत, आणि मनाचा विकार, चित्ताची अस्वस्थता असेच निदान झाले. ९ जुलैला ते बेशुद्ध पडले. घाईने शस्त्रक्रिया झाली, तेव्हा मेंदूतील अर्बुद सापडले, आणि ११ जुलैला वयाच्या ३८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. आयरा १९८३ पर्यंत जगले.

लिओनोर यांना पुष्कळांनी दोष दिला आहे. मला तसे करावेसे वाटत नाही. आमटीच्या त्या संध्याकाळनंतर चार महिने मी स्वतः दूरध्वनीवरून काय बोलत होतो, याची मला आठवण आहे. कारण ठाऊक नसले की मनुष्य अपराधी शोधू लागतो. आणि घराच्या चार भिंतींत अपराधी शोधावयाचा, तर तो रुग्ण तरी ठरतो अथवा आपण स्वतः तरी. म्हणून अशा कुटुंबाला द्यावयाचा पहिला मानसिक आधार कोणता, असे मला कोणी विचारले, तर मी म्हणेन, माहिती. सोप्या भाषेत, वेळेवर आणि घरातील प्रत्येकाला दिलेली माहिती.

वहिनींना ती मिळाली मुंबईच्या एका रुग्णालयात, तेथील समाजसेविकेकडून. डॉक्टरांनी सर्व काही सांगितलेच होते. परंतु ते गाठीविषयी होते. या बाईंनी वहिनींना एका बाजूला बसवून घेतले आणि पहिला प्रश्न विचारला, “ताई, ते आधी कसे होते हो?” वहिनी अर्धा तास बोलत होत्या. निदान झाल्यापासून त्या प्रथमच रडल्या. मग त्या बाईंनी एका कागदावर डोक्याची बाह्याकृती काढली, पुढील भागावर पेन्सिलीने एक वर्तुळ केले आणि म्हणाल्या, “माणूस स्वतःला आवरतो ते इथून. हे जे बोलतात ना, ते त्यांच्या मनातलं आजवर दडवलेलं काही बाहेर पडतंय असं समजू नका. आवरणारा भागच आजारी आहे.” वहिनींनी तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. तो अजून त्यांच्यापाशी आहे.

त्या बाईंनी आणखी तीन गोष्टी सांगितल्या. संतापाच्या क्षणी वाद घालू नये, खोलीतून बाजूस व्हावे. कोणत्या वेळी काय घडले, हे वहीत टिपून ठेवावे. आणि दिवसातून दोन तास वहिनींनी रुग्णापासून दूर राहावे. दूर, म्हणजे शेजारच्या खोलीत कान टवकारून नव्हे. यांपैकी वहीचा उपयोग तर आठवड्यातच दिसला. वहिनींच्या नोंदींवरून स्पष्ट झाले की, बहुतेक तमाशे मध्यरात्रीनंतरचे होते आणि डेक्सामेथासोनची दुसरी मात्रा संध्याकाळी दिली जात होती. ती वही पाहून डॉक्टरांनी ती मात्रा दुपारी घेण्यास सांगितले. दादा रात्री चार पाच तास झोपू लागले. आपल्या हातून काहीतरी चांगले घडू शकते, हे वहिनींना बऱ्याच महिन्यांनी प्रथम जाणवले, आणि त्याचा त्यांच्या मनावर झालेला परिणाम मी पाहिला आहे.

या सर्व काळात मी काय करीत होतो, हेही सांगितले पाहिजे. मी फाइल ठेवीत होतो. अहवाल, छायाचित्रे, देयके, अर्ज. सर्व तारीखवार लावलेले आणि क्रमांक घातलेले. दर रविवारी मी ती फाइल घेऊन बसे आणि वहिनींना प्रश्न विचारीत असे. झटका किती मिनिटे राहिला? गोळी चुकली काय? एका रविवारी त्या शांतपणे म्हणाल्या, “भाऊजी, तुम्ही सगळं विचारता. मी गुरुवारपासून झोपले नाहीये, हे मी कुणाला सांगू?” त्यांच्या स्वरात राग नव्हता, म्हणून तर ते वाक्य मला अधिक लागले. ज्याला आपण कर्तव्यदक्षता समजत होतो, ती पुष्कळ अंशी भीतीपासून पळण्याची एक सुसंस्कृत रीत होती, हे मला त्या दिवशी उमगले.

पॉलीन बॉस या अमेरिकन विदुषींनी १९७० नंतरच्या दशकात एका विशिष्ट दुःखाचा अभ्यास केला. व्हिएतनामच्या युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांची कुटुंबे त्यांच्यासमोर होती. माणूस गेला असे म्हणवत नाही आणि आहे असेही म्हणवत नाही, अशा अवस्थेत ती कुटुंबे अडकली होती. बॉस यांनी या अवस्थेला जे नाव दिले, त्याला मराठीत आपण संदिग्ध वियोग म्हणू. त्याचा दुसरा प्रकार याच्या उलट असतो. माणूस डोळ्यांसमोर असतो, जेवतो, झोपतो. पण ज्याच्याशी आपण संसार केला, तो तेथे नसतो. या दुःखाला लोकमान्यता नाही. माणूस जिवंत असताना शोक करणे अशुभ मानले जाते, आणि म्हणून तो शोक मनातल्या मनात होतो. दादांच्या हयातीतच वहिनींनी त्यांच्यासाठी जो शोक केला, त्याची आम्हा कोणाला दाद नव्हती. त्याला नाव आहे, तो अनेकांना होतो, त्यात अधर्म नाही, एवढे कळले तरी मनावरचे अर्धे ओझे उतरते.

मुलाला खरे सांगावे, असेही त्या समाजसेविकेने बजावले होते. मुलांना काही कळत नाही, या समजुतीने आपण त्यांना दूर ठेवतो. वस्तुतः त्यांना सगळे दिसते आणि अर्थ तेवढा चुकीचा लागतो. हे काम माझ्याकडे आले. कृष्णेच्या घाटावर बसून मी पुतण्याला सांगितले की, बाबांच्या डोक्यात गाठ आहे, ती कोणाच्या वागण्यामुळे झालेली नाही, ती कोणाला लागत नाही, आणि ती बरी होईलच असे कोणी सांगू शकत नाही. तो बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिला. मग त्याने विचारले, “काका, मग बाबा मला नालायक म्हणाले, ते खरं नव्हतं ना?” सहा महिने त्या पोराने ते वाक्य उराशी धरून ठेवले होते. त्या दिवसापासून तो पुन्हा वडिलांच्या खोलीत जाऊन बसू लागला.

पूर्वी एकत्र कुटुंबे होती, तेव्हा असले प्रश्नच नव्हते, असे आपण ऐकतो. मला ते पुरतेपणी पटत नाही. भरल्या वाड्यातही शुश्रूषेचा भार बहुधा एकाच बाईवर पडे. बाकीची माणसे प्रकृतीची चौकशी करीत. हीच चौकशी आजही आपण करतो. पिशवीभर फळे नेतो, कोणत्यातरी रामबाण औषधाचे नाव सांगतो आणि “धीर धरा” म्हणून निघून येतो. त्याऐवजी शेजारच्या एका निवृत्त पोस्टमास्तरांनी जे केले, ते सांगण्याजोगे आहे. ते रोज दुपारी तीन वाजता येत आणि पाचपर्यंत दादांना वर्तमानपत्र वाचून दाखवीत. दादांना त्यातले किती समजे, कोण जाणे. पण त्या दोन तासांत वहिनी झोपत. त्या गृहस्थांनी वहिनींना उपदेशाचा एक शब्दही सांगितला नाही. मला वाटते, त्या घराला मिळालेला सर्वांत मोठा मानसिक आधार तोच होता.

अशा आधाराला संस्थेचे रूप देणे शक्य आहे, हेही आता सिद्ध झाले आहे. सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर रुग्णधाम सुरू केले. त्या आधी परिचारिका, मग समाजसेविका आणि नंतर डॉक्टर झाल्या होत्या. म्हणूनच शरीराची, मनाची, नात्यांची आणि श्रद्धेची वेदना एकत्र पाहिली पाहिजे, हे त्या सांगू शकल्या. आपल्याकडे १९८६ साली मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन निघाले. पुण्यात वारजे येथे १९९७ पासून असे केंद्र चालू आहे. केरळात १९९३ साली कोझिकोड येथे सुरू झालेल्या कार्यातून पुढे गावोगाव स्वयंसेवकांची जाळी उभी राहिली. शिक्षक, शेतकरी, गृहिणी थोडे शिक्षण घेऊन दीर्घ आजाऱ्यांच्या घरी जातात, रुग्णाची विचारपूस करतात आणि घरच्यांचीही. २००८ साली त्या राज्याने या परिचर्येचे स्वतंत्र धोरणच स्वीकारले, आणि २०१२ साली केंद्र शासनाने राष्ट्रीय कार्यक्रम आखला. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ साली या परिचर्येची जी व्याख्या केली, तीत रुग्णाच्या आजारपणात आणि त्याच्या मृत्यूनंतरही कुटुंबाला आधार देणे अंतर्भूत आहे. शासनाच्या वीस वर्षे सेवेत राहून ही व्याख्या मी दादांच्या आजारात प्रथम वाचली, हे मला कबूल केले पाहिजे.

‘मृत्यूनंतरही’ हा शब्द त्या व्याख्येत विनाकारण आलेला नाही. निदानानंतर तेराव्या महिन्यात दादा गेले. शेवटचे काही आठवडे ते फारसे बोलत नव्हते, शांत होते. वहिनींचा हात मात्र सोडत नसत. तेरा दिवस घर माणसांनी भरलेले होते. चौदाव्या दिवशी वहिनी पहाटे दोन वाजता सवयीने उठल्या, आणि औषध द्यावयाचे कोणी नाही, हे त्यांना आठवले. पुढे बऱ्याच दिवसांनी त्यांनी मला सांगितले की, दादा गेल्यावर पहिल्या क्षणी आपल्याला सुटल्यासारखे वाटले, आणि त्या क्षणाबद्दल आपण स्वतःला क्षमा करू शकत नाही. असे वाटणाऱ्या त्या पहिल्याच नव्हेत. ज्याने वर्षभर ओझे वाहिले, त्याला ते उतरल्यावर हलके वाटते. त्यावरून त्याचे प्रेम कमी होते, असे ठरत नाही. हे त्यांना मी सांगितले, आणि सल्लागाराकडे जाण्यास सुचविले. त्या सहा वेळा गेल्या. आज ज्यांना जवळपास असा सल्लागार नाही, त्यांच्यासाठी १४४१६ हा शासनाचा टेलि-मानस दूरध्वनी ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. तेथे रात्रंदिवस आणि मराठीतही बोलता येते. हाक आपल्यासाठी मारावयाची असते, रुग्णासाठीच मारली पाहिजे असे नाही.

श्रोतेहो, माझ्या टेबलावर आजही वैद्यकीय देयके येतात. पूर्वी मी जोडपत्रे तपासून सही करीत असे. आता अशा एखाद्या आजाराचे नाव दिसले, की देयक घेऊन आलेल्या माणसाला मी बसावयास सांगतो आणि विचारतो, “रात्री त्यांच्याजवळ कोण असतं? आणि त्या माणसाला झोप मिळते का?” काहीजण चपापतात. काहीजण खुर्चीत बसतात ते अर्धा तास उठत नाहीत. नियमांत हे विचारावे असे कोठे सांगितलेले नाही. विचारू नये असेही नाही.